गप्प पोरांच्या गायकवाड बाई

शोकसभा शाळेच्या हॉलमध्येच होती. टेबलावर गायकवाड बाईंचा फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर मेणबत्ती. संस्थेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "बाई म्हणजे मूर्तिमंत माया. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला दुखावलं नाही." त्यांच्यानंतर जो कोणी बोलला त्याने तर बाईंना 'मितभाषी' करून टाकलं. मितभाषी! मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझी कानशिलं तापली. ज्या बाईंचा आवाज तळमजल्यावरून गच्चीवर ऐकू जायचा, ज्यांना जिवंतपणी या लोकांनी एकदाही स्टेजवरच्या खुर्चीत बसवलं नाही, त्यांना मेल्यावर साखरेत घोळवायचं काम चाललं होतं. मी मध्येच उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, मला रडू आलं.

मला राग आला होता. आणि तो बाईंकडूनच शिकलेला होता.

वसुधा गायकवाड संतापी होत्या. त्यांच्या रागानं काही पोरं वर आली, एका पोराला तो राग महागात पडला, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात त्या रागानं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तो राग पुसला तर बाईंचं काही उरत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंबरनाथच्या त्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. मराठी माध्यमाची शाळा, कारखान्यांच्या बाजूला. वारा फिरला की वर्गात औषधासारखा वास यायचा आणि खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. मुलं कामगारांची, काही आजूबाजूच्या गावांतली, काही उल्हासनगरच्या कॅम्पांतून येणारी. बाई मराठी शिकवायच्या आणि सातवीच्या वर्गशिक्षिका होत्या. बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. उजवा हात कोपरापर्यंत खडूनं पांढरा. भांडायच्या आधी त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "चष्मा असला की समोरच्याचं तोंड स्पष्ट दिसतं गं. मग दया येते."

त्या अंबरनाथच्याच. वडील फॅक्टरीत फिटर होते. "आमच्या घरात सगळे बोलायचे," त्या सांगायच्या. "वस्तीची सभा आमच्या ओट्यावर. मी एवढीशी असताना वडील मला खुर्चीवर उभं करायचे नि म्हणायचे, वसू, बोल. काय वाट्टेल ते बोल, चुकीचं बोल, पण बोल. आपल्यात बापजाद्यांना बोलायला मिळालं नाही." वडिलांचं नाव काढलं की बाईंचा आवाज खाली यायचा. बाकी कशानंही तो खाली येत नसे.

पहिल्यांदा त्यांचा राग पाहिला तो स्टाफरूममध्ये. सहामाहीचे निकाल तयार होत होते. एका सरांनी एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'लाजाळू आहे.' बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"सर, लाजाळू हे झाडाचं नाव आहे. पोरीचं नाव मंगल आहे."

"अहो बाई, तोंडच उघडत नाही ती. काय लिहू मग?"

"आणि ते झाडसुद्धा आपणहून मिटत नाही. कोणीतरी बोट लावतं तेव्हा मिटतं. बोट कोणाचं ते बघितलंत का? चार भिंतींत बसून शेरे मारायला काय जातंय!"

सर बिचारे शेरा खोडायला लागले. बाई म्हणाल्या, "खोडू नका. मी बघून येते, मग लिहा."

हा त्यांचा शिरस्ता होता. कुठलंही पोर वर्गात फार गप्प असलं किंवा फार बडबडं असलं की त्या त्याला एकच प्रश्न विचारायच्या, "तुमच्या घरी कोण बोलतं?" मुलं गोंधळायची. कोणी म्हणायचं, आजी. कोणी म्हणायचं, रेडिओ. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई त्या पोराच्या घरी. मला ओढून न्यायच्या. "चल पाटकर. भूगोल शिकवतेस ना? मग पोरं राहतात कुठं ते बघ."

मंगल चाळीत राहायची. एकच खोली. आम्ही भर दुपारी पोचलो. बाईंनी नेहमीच्या आवाजात "आहे का कोणी?" म्हटलं मात्र, मंगलची आई धावत दारात आली आणि तोंडावर बोट ठेवलं. आत अंधार होता, खिडकीला जाड चादर लावलेली. भिंतीकडे तोंड करून मंगलचे वडील झोपले होते. रंगाच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. भांडी वाजू नयेत म्हणून ती घडी केलेल्या गोणपाटावर मांडली होती. धाकटा मुलगा रडायला लागला तशी मंगलनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, इतक्या सवयीनं, की तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बाईंनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "उठले तर मारतात का?"

"नाही हो बाई," मंगलची आई कुजबुजली. "देवमाणूस आहे. पण एकदा जाग आली की परत डोळा लागत नाही त्यांचा. आणि रात्री मशीनवर डुलकी लागली तर? शेजारच्या भाऊंची बोटं गेली तशीच. म्हणून आम्ही दिवसा बोलतच नाही. सैपाक पण मी पहाटेच करून ठेवते. कुकरची शिट्टी नको."

आम्ही बाहेर आलो. बाई चाळीच्या टोकाला नाल्यापाशी थांबल्या. चष्मा काढून हातात धरला होता, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

"कोणाला बोलू गं?" त्या म्हणाल्या. "बापाला? तो तर मरमर मरतोय. आईला? पोरीला? ही सगळी एकमेकांच्या मायेपोटी मुकी झालीयेत, पाटकर. आणि आपण तिच्या पुस्तकात लिहितो, लाजाळू!" शेवटचा शब्द त्या एवढ्या जोरात ओरडल्या की नाल्यापलीकडून जाणारा सायकलवाला उतरून बघायला लागला.

सोमवारपासून त्यांनी मंगलच्या बाबतीत एक गोष्ट सुरू केली. प्रश्न विचारला की तिच्या बाकाशी जाऊन वाकायच्या. मंगल कानात उत्तर द्यायची आणि बाई वर्गाला सांगायच्या, "मंगल म्हणते आहे की..." वर्ग हसायचा. हसणाऱ्याला बाई असं बघायच्या की तो पुन्हा हसत नसे. मग हळूहळू त्या कमी वाकू लागल्या. मग बाकापासून थोड्या लांब उभ्या राहू लागल्या. असं करत वर्ष सरत आलं, तेव्हा मंगलचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत यायला लागला होता. एवढीच कमाई. पण बाईंचा चेहरा असा, जणू पोरीनं सभा जिंकली.

आणि तेव्हाच इन्स्पेक्शन आलं.

आमचे हेडसर गोड बोलणारे होते. मला गोड बोलणाऱ्यांची भीती वाटते ती तेव्हापासून. त्यांनी मीटिंग घेतली आणि हसत हसत सांगितलं, "उद्या काही मुलांची तब्येत बरी नसेल. त्यांना घरी आराम करू दे. साहेबांपुढे वर्ग कसा बोलका दिसायला हवा." सगळ्यांना कळलं. शाळा तेव्हा हे करायच्या. आम्ही माना खाली घातल्या. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात कोणी आजारी नाही." हेडसर हसले, विषय बदलला. बाईंना वाटलं, मिटलं. पण बाई दुसऱ्या वर्गावर असताना शिपाई सातवीत जाऊन गप्प मुलांना बोट दाखवून सांगून आला, "तू उद्या येऊ नको. तू पण."

दुसऱ्या दिवशी माझा तास सातवीवर होता. नकाशा लावला, मागे वळले तर बाकांवर भोकं पडलेली. मंगल नाही. वालिवलीहून येणारा शेतकऱ्याचा मुलगा नाही. साहेब आले, सफारी घातलेले, पिकल्या केसांचे. हेडसर त्यांच्या मागे. बोलकी मुलं धडाधड उत्तरं देत होती. अर्धा तास झाला असेल, दार उघडलं.

बाई. घामानं डबडबलेल्या. मागे ती मुलं, रिक्षात कोंबून आणलेली. कोणी घरच्या चड्डीत, एक अनवाणी, मंगलच्या केसांना तेल लावलेलं पण वेणी अर्धीच झालेली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"वर्ग आहे साहेब. अर्धा घरी ठेवला होता. आता पुरा झाला."

हेडसरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मुलं आपापल्या जागी बसली. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मंगललाच उठवलं. "महाराष्ट्राच्या पश्चिमेला काय आहे?" मंगलचे ओठ हलले. "मोठ्यानं बोल." ओठ पुन्हा हलले. "अगं, मोठ्यानं!"

"साहेब," बाई दारातूनच म्हणाल्या, "तिचे वडील रात्रपाळी करतात. दिवसा घरात आवाज काढायचा नसतो तिला. उत्तर तिला येतंय. तुम्ही जरा वाका."

मला वाटलं, आता संपलं. पण तो म्हातारा माणूस खरंच वाकला. गुडघ्यावर हात ठेवून, तिच्या तोंडाशी कान नेऊन. मग सरळ झाला आणि सगळ्या वर्गाला म्हणाला, "अरबी समुद्र. बरोबर आहे." आणि पुढच्या बाकाकडे वळला.

साहेब गेल्यावर हेडसरांच्या खोलीत जे झालं ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. "शाळेची अब्रू घालवलीत तुम्ही!" "पोरांना खोटं खोटं आजारी पाडून राखलेली अब्रू गेली तर गेली सर!" मग हेडसरांचा गोड आवाज सुटला आणि खरा बाहेर आला. "तुमच्या लोकांना जरा जास्तच बोलायची सवय असते."

मग बाई, अगदी सावकाश, "आमच्या लोकांना फार दिवस गप्प बसवलं होतं सर. म्हणून."

पुढच्या जूनमध्ये बाईंचा वर्ग काढून घेतला. त्यांना पाचवी दिली आणि लायब्ररीच्या किल्ल्या दिल्या. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा त्यांच्याहून लहान माणसाला बसवलं. कारण विचारायला त्या गेल्या तर उत्तर मिळालं, "स्वभाव बघावा लागतो." हेच लोक परवा स्टेजवर होते.

काही वर्षांनी सातवी त्यांना परत मिळाली, कारण ती तुकडी कोणालाच नको होती. नव्वदचं दशक लागलं होतं. त्या वर्गात दिलीप होता.

दिलीप उल्हासनगरहून यायचा, कॅम्पातल्या बराकीतून. तोंडाला कुलूप नाही. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मध्येच एखादा सिंधी शब्द. कोणाचीही नक्कल करायचा, हेडसरांची तर अशी की हेडसर स्वतः हसायचे. गॅदरिंगला माइक त्याच्याच हातात. "काय धीट पोरगा आहे!" हेडसर म्हणायचे. "असा आत्मविश्वास पाहिजे."

"धीट नाही तो," बाई म्हणाल्या. "गप्प बसायला घाबरतो."

कोणालाच पटलं नाही. मलाही नाही. बाई म्हणाल्या, "दारात कोणी आलं की सगळ्या वर्गात पहिली मान कोणाची वळते बघ. निबंध लिहायला बसवलं की पाय कोणाचा हलतो बघ." मी बघितलं. दिलीपचाच.

एका शनिवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचं कापड कापायचे. आई घरी बसून शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायची. तिची बोटं निळी झाली होती. दिलीप आम्हाला पाणी देत होता, बोलत होता, शेजारणीची नक्कल करत होता, आई हसत होती. आणि मध्येच तो थांबला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आईचे हातही थांबले. मग बराकीच्या बोळातून पावलं वाजली, एक पडतंय, एक घसटतंय.

दिलीप दारात जाऊन उभा राहिला आणि वडिलांनी उंबरा ओलांडायच्या आत सुरू झाला, "अरे साईं, माल किधर है? पार्टी खडी है! कटिंग मास्टर को बुलाओ!" शेठची नक्कल. वडील डुलत होते. तोंडाकडे बघून कळेना, हसणार की काय करणार. मग हसले. आईचे हात पुन्हा चालू झाले.

बाईंना कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते कळताना दिसलं, आणि त्यांनी चष्मा काढला. मी त्यांचा हात धरायला हवा होता असं वाटून उपयोग नव्हता. त्यांना धरणारा कोणी जन्मलेला नव्हता.

"तुमचा मुलगा तुम्हाला का हसवतो माहितीये का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हसला नाहीत तर बायकोला मारता म्हणून. लाज नाही वाटत? एवढंसं पोर रोज दारात उभं राहून आईचा मार चुकवतं!"

वडिलांचं हसू गेलं. त्यांनी बाईंकडे पाहिलंच नाही. दिलीपकडे पाहिलं. "कौन बोला? तू बोला इनको?"

"त्यानं नाही सांगितलं. मला दिसतंय."

"माझ्या घरात येऊन मला शिकवू नका बाई. आधी आपलं घर बघा जाऊन."

सोमवारी दिलीप शाळेत आला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. आपण कपाटाला कसे धडकलो याची गोष्ट तो वर्गाला रंगवून सांगत होता आणि वर्ग पोट धरून हसत होता. मधल्या सुट्टीत तो बाईंकडे आला. मी तिथंच होते.

"बाई, तुम्ही परत नका येऊ घरी. मी बरोबर सांभाळतो पप्पांना."

"दिलीप..."

"तुम्ही गुस्सा केला की तुम्ही तर घरी जाता. आम्हाला तिथंच राहायचं असतं."

उद्धटपणा नव्हता त्याच्या बोलण्यात. समजावून सांगत होता. त्या दिवशी बाईंनी वर्गात बसूनच शिकवलं.

पण त्या सोडून देणाऱ्या नव्हत्या. एक दिवस त्या एकट्याच त्या शेठकडे गेल्या. आवाज न चढवता बोलायचं ठरवून गेल्या होत्या, असं मला नंतर म्हणाल्या. शेठ म्हातारा होता, फाळणीनंतर कॅम्पात आल्यावर स्वतःही बराकीत वाढलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि दिलीपच्या वडिलांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "हाथ घर में उठेगा, तो कैंची यहाँ नहीं उठेगी." दारू सुटली नाही. पण मार कमी झाला. आणि दिलीपच्या आईनं कबूल केलं, की शनिवारी शाळा सुटल्यावर पोरगा बाईंकडे जाऊन बसेल.

बाई तेव्हा बदलापूरला बेलवलीत राहायच्या, पहिल्या मजल्यावर. मी कुळगावात, त्यामुळे माझं जाणं-येणं असायचं. त्यांचे यजमान मुंबईला एका कचेरीत होते, शांत माणूस. एकुलता मुलगा मिलिंद, दिलीपच्याच वयाचा, कुळगावच्या शाळेत. मिलिंद मला नेहमी पुस्तकात डोकं घातलेलाच दिसायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, एका शब्दात. त्याच्या शाळेतल्या बाईंनी एकदा 'फार लाजतो' असं म्हटलं म्हणून आमच्या बाई तिथं जाऊन भांडून आल्या होत्या. लाजाळूच्या झाडाचं सगळं ऐकवून आल्या होत्या. मिलिंद तेव्हा शेजारीच उभा होता म्हणे.

अशाच एका शनिवारी मी पोचले तर बाई दुकानात गेल्या होत्या. यजमान आत आडवे झाले होते. मुलं बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि मिलिंद बोलत होता. मी दारातच थबकले. मिलिंद बोलत होता, हात हलवत, आवाज बदलून कुठल्यातरी मास्तरांची नक्कल करत होता, आणि दिलीप, तो बडबड्या दिलीप, भिंतीला पाठ टेकून शांतपणे ऐकत होता. त्याचा पाय हलत नव्हता. किती छान दिसत होती दोघं! मी आवाज न करता खुर्चीत बसले.

आणि जिन्यावर बाईंच्या चपला वाजल्या. त्यांचं चालणं नेहमीचंच, फटाक फटाक.

मिलिंदचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यानं पुस्तक ओढून उघडलं. त्याच क्षणी दिलीप ताठ बसला आणि मोठ्यांदा काहीतरी बडबडायला लागला. एकच आवाज, एक पोर मिटलं, दुसरं सुटलं.

बाई आत आल्या, पिशवी ठेवली. "काय रे, काय गोंधळ?"

दिलीप थांबला. मिलिंदकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग एखादी गंमत सापडल्यासारखा म्हणाला, "बाई, मिलिंद पण ऐकतो."

"काय ऐकतो?"

"चप्पल. मी पप्पांची ऐकतो ना, तशी हा तुमची ऐकतो."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि डोळे मिलिंदकडे गेले. "मिलिंद? मी कधी हात लावलाय तुला?" मिलिंद पुस्तकात. "बोल ना! मारलंय कधी मी? कधी तरी? अरे बोल की!" आवाज वर वर चढत गेला. आतून यजमान उठून आले. "मी विचारते आहे तुला! घाबरतोस तू मला?"

"नाही," मिलिंद म्हणाला.

त्या खोलीत बाईंचा आवाज अजून घुमत होता आणि बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना स्वतःला ऐकू आला. त्या मटकन पिशवीशेजारी जमिनीवर बसल्या. दिलीप घाबरून म्हणाला, "सॉरी बाई, मजाक केला." बाईंनी मान हलवली. त्याला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला, आणि मिलिंदकडे बघायचं धाडस काही त्यांना होईना.

मी निघाले तेव्हा त्या खाली सोडायला आल्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "'नाही'सुद्धा घाबरूनच म्हणाला. जगाच्या घरात शिरून विचारत फिरले, घरी कोण बोलतं. माझ्या घरी मी बोलते, पाटकर. मी एकटी. बापानं मला खुर्चीवर उभं केलं, ती मी आजतागायत उतरलेच नाही. पोराला उभं राहायला जागाच ठेवली नाही." चिडल्या होत्या. स्वतःवर चिडलेल्या बाई मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या दुसऱ्यांवर चिडत त्यापेक्षा ते फार वाईट होतं. दुसऱ्याला त्या शेवटी सोडून तरी देत.

त्यानंतर त्यांनी प्रयत्न केले. राग म्हणजे नळ नव्हे, चावी फिरवली की बंद. घरी त्या मऊ आवाजात बोलू लागल्या, तर मिलिंद जास्तच दचकू लागला. यजमान एकदा कंटाळून म्हणाले, "वसुधा, त्यापेक्षा ओरड बाई. निदान सवय आहे आम्हाला." जेवताना त्या तोंड मिटून बसायच्या, त्याला बोलायला जागा मिळावी म्हणून. तोही बसायचा मिटून. दोघं समोरासमोर, आणि मध्ये आमटी गार होत जायची. शाळेत मात्र भांडणं चालूच. गॅदरिंगला त्यांनी दिलीपच्या हातातला माइक काढून घ्यायला लावला तेव्हा हेडसर म्हणाले, "मुलाचं नुकसान करताय." "एक दिवस त्याला प्रेक्षकांत बसू द्या," बाई म्हणाल्या. "कोणाला न हसवता बसू द्या." दिलीप पहिल्या रांगेत बसला आणि मध्येच त्याला झोप लागली. बाईंनी कोणालाही त्याला उठवू दिलं नाही. पुढे तो दहावी झाला, उल्हासनगरात कपड्याच्या दुकानात लागला, खोली घेऊन आईला घेऊन वेगळा राहिला. मंगलचं मला ठाऊक नाही. ते लोक कारखाना बंद पडल्यावर गावी गेले.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा. त्या रिटायर झाल्या होत्या, यजमान गेले होते, हृदयाचं दुखणं लागलं होतं. मी एका सकाळी भेटायला गेले. जिना चढत असतानाच वरून ओरडणं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज. मला वाटलं, शेजारी कोणाचं तरी भांडण आहे.

मिलिंद होता. नोकरीला लागलेला, उंच झालेला, ऑफिसचा शर्ट अर्धा खोचलेला. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? जिना चढायचा नाही! आणि तू उन्हातान्हात शाळेत जाऊन कोणाशी भांडून आलीस! कोणाची कोण ती पोरगी! तिला बाकावर उभं केलं तर तुझं काय गेलं? उद्या तुला काही झालं तर मी काय करू? हां? सांग ना! मी कोणाकडे बघू?" त्याचा आवाज फाटला होता. डोळे लाल झाले होते. हातातल्या गोळ्यांची पट्टी तो टेबलावर आपटत होता.

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघितलं तशी त्यांनी हातानं खूण केली, थांब म्हणून. चेहरा असा, जणू कोणी फार वर्षांनी ओळखीचं माणूस दारात आलं आहे. ओठ दाबून धरले होते, मध्ये शब्द पडू नये म्हणून. त्याचं पूर्ण होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "झालं? आता मी बोलू?"

"नाही! मी अजून बोलतोय!"

"बरं. बोल."

तो बोलत राहिला. मी चहा घेतला नाही, पलंगाशी जाऊन फक्त त्यांचा हात दाबला. तो गार होता, पण पकड घट्ट होती. मी जिना उतरू लागले तेव्हा बाईंचाही आवाज चढला होता. दोघंही एकदम बोलत होती आणि कोणीच कोणाला सोडत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं दार किलकिलं करून विचारलं, "काय झालं हो वर? भांडण चाललंय का?"

"हो," मी म्हटलं. "चालू द्या."